स्क्रू फिरवण्याआधी झेड बघा

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं. या अंकात नाशिक परिसरातल्या प्रयोगशाळांमधून आलेले प्रश्न घेतले आहेत. सगळे पिपेट (ठरावीक मापाचा द्रव ओढून सोडणारं उपकरण) आणि काचसामानाच्या कॅलिब्रेशनबद्दल, म्हणजे ते दाखवतं तेवढंच खरंच सोडतं का हे तपासण्याबद्दल आहेत.

आमचं १००० मायक्रोलिटरचं पिपेट लॅबमध्येच तपासलं. दहा वेळा पाणी सोडून वजन केलं, सरासरी ९९१.६ मिलिग्रॅम आली. पाण्याचं तापमान २५ अंश. म्हणजे ८.४ मायक्रोलिटर कमी, आणि मर्यादा आहे ८ ची. ॲडजस्टमेंटचा स्क्रू फिरवावा का?
(औषध कंपनीची क्यूसी, म्हणजे गुणवत्ता तपासणी लॅब, सातपूर)

नका फिरवू. सरासरीत तुमचं पिपेट पास आहे, गणित अर्धवट राहिलंय.

एक मिलिलिटर पाणी म्हणजे एक ग्रॅम, हे शाळेतलं वाक्य इथे नडतं. २५ अंशांना एक मिलिलिटर पाण्याचं वस्तुमान ९९७ मिलिग्रॅम असतं. त्यात हवा त्या पाण्याला थोडी वर उचलून धरते, त्यामुळे बॅलन्सवर (वजनकाट्यावर) आणखी एखादा मिलिग्रॅम कमी दिसतो. या दोन्हींची भरपाई करणारा गुणक म्हणजे झेड फॅक्टर. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहे, इथला हवेचा दाब ९४५ हेक्टोपास्कलच्या आसपास असतो. त्या दाबाला २२ अंशांवर झेड १.००३२, २५ वर १.००३९, २७ वर १.००४५ आणि ३० वर १.००५३ धरा.

९९१.६ गुणिले १.००३९ म्हणजे ९९५.५ मायक्रोलिटर. चूक ८.४ नाही, ४.५ ची, टक्क्यात ०.४५. आयएसओ ८६५५ या पिपेटच्या आंतरराष्ट्रीय मानकात या क्षमतेला ०.८ टक्के चालते. स्क्रू फिरवून बॅलन्सवर बरोबर १००० मिलिग्रॅम आणले असते, तर चांगलं पिपेट ३.९ मायक्रोलिटर जास्त सोडायला लागलं असतं, आणि वर ‘कॅलिब्रेटेड’ असं लेबलही लागलं असतं. तापमान घ्यायचं ते भांड्यातल्या पाण्याचं, एसीच्या रिमोटवरचं नव्हे.

पण नुसत्या सरासरीवर निकाल देऊ नका. दहा आकडे ज्या क्रमाने आले त्या क्रमाने लिहून काढा आणि त्यांचं प्रमाण विचलन (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत ते) काढा. १००० च्या पिपेटला ते ३ मायक्रोलिटरच्या आत हवं. पहिले दोन-तीन आकडे कमी आणि पुढचे स्थिर असतील, तर टिप (पिपेटच्या टोकाला लावायची प्लास्टिकची नळी) आधी ओली केलेली नाही. कोरड्या हवेत पिपेटच्या आत पिस्टन आणि द्रव यांच्या मधे असलेल्या हवेच्या उशीत वाफ शिरते, उशी फुगते आणि पाणी कमी ओढलं जातं. म्हणून मोजणीआधी पाच वेळा भरून सोडायचं. आकडे खालीवर उड्या मारत असतील तर हात, टिप किंवा सील यांतलं काहीतरी बिघडलंय, आणि त्यावर स्क्रू हा इलाज नाही. आकडे एकमेकांना चिकटून आहेत पण सगळेच एका बाजूला सरकलेत, अशा वेळीच ॲडजस्टमेंटचा विचार करायचा.

मोजणीची पद्धत अशी. पाणी, पिपेट आणि टिप बॅलन्सच्या खोलीत निदान दोन तास आधी आणून ठेवा. जानेवारीत निफाडकडच्या लॅबमध्ये सकाळी हे फार जाणवतं: पाणी गार, हात गरम, आणि आकडे दर मिनिटाला सरकतात. टिप पाण्यात दोन-तीन मिलिमीटरच बुडवा, पिपेट उभं धरा, प्लंजर (वरचा दट्ट्या) सावकाश सोडा, वर आल्यावर एक सेकंद थांबा आणि मग टिप बाहेर काढा. सोडताना टिप भांड्याच्या भिंतीला टेकवा. दोन मोजण्यांच्या मधे पिपेट स्टँडला लावा, मुठीत धरून बसू नका. पिपेटवरचं माप कमी-जास्त करताना खालून वर जायचं असेल तर एक-तृतीयांश फेरा पुढे जाऊन मागे या, म्हणजे आट्यांमधली ढिलाई निघून जाते.

शंभर टक्के क्षमतेबरोबर ५०० आणि १०० मायक्रोलिटरलाही दहा-दहा मोजण्या हव्यात. गळती त्याआधीच बघा: पूर्ण भरून टिप खाली करून वीस सेकंद उभं धरा. टोकाशी थेंब जमला तर टिप बदलून पुन्हा बघा; स्वस्त टिप नीट बसत नाही हे कारण सीलपेक्षा जास्त वेळा सापडतं. तरीही गळत असेल तर खालचा भाग उघडा, ओ-रिंग आणि पिस्टन पुसा, ओ-रिंगला चीर असेल तर बदला, आणि उत्पादकाने सांगितलं असेल तरच त्यांचं ग्रीस अगदी पातळ लावा. दुरुस्तीआधीचे आकडे खोडू नका. मधल्या काळात या पिपेटने दिलेले निकाल बरोबर होते का, हे त्याच आकड्यांवरून ठरतं.

आमच्याकडे चार दशांश स्थळांचा बॅलन्स आहे. त्यावर १० मायक्रोलिटरचं पिपेट तपासता येईल का?
(पॅथॉलॉजी लॅब, कॉलेज रोड)

अर्धवट येईल. या बॅलन्सचा शेवटचा आकडा ०.१ मिलिग्रॅमचा, आणि तुमचा थेंब १० मिलिग्रॅमचा. म्हणजे एका आकड्याच्या फरकातच एक टक्का गेला, आणि सगळी मिळून सूट आहे १.२ टक्के. एकेक थेंब तोलण्यात अर्थ नाही.

एकाच भांड्यात सलग दहा वेळा सोडा, शेवटी एकदाच वजन घ्या, दहाने भागा आणि झेडने गुणा. सरासरी बऱ्यापैकी कळते. थेंबाथेंबातला फरक मात्र यातून कळत नाही, आणि १ मायक्रोलिटरची पातळी तर या बॅलन्सवर सोडूनच द्या.

इथे खरा चोर बाष्पीभवन. भांडं अरुंद तोंडाचं आणि झाकणाचं घ्या, तळाशी आधीच थोडं पाणी ठेवा, बॅलन्सच्या कप्प्यात पाण्याची छोटी वाटी ठेवा. मग एक कोरी फेरी करा: झाकण उघडणं, टिप आत नेणं, सगळं तेवढ्याच वेळात, फक्त पाणी न सोडता. त्यात ०.८ मिलिग्रॅम घटले, तर ते दहा थेंबांच्या वजनात मिळवा. न मिळवल्यास थेंबामागे ०.०८ मिलिग्रॅम, म्हणजे ०.८ टक्के चूक पिपेटच्या नावावर जाते. एप्रिलच्या दुपारी हे काम काढूच नका, सकाळी लवकर उरका.

ही झाली तुमची मधली तपासणी. एनएबीएलच्या (प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या संस्थेच्या) ऑडिटरसमोर ठेवायचं प्रमाणपत्र सहा दशांशांचा मायक्रोबॅलन्स असलेल्या, आयएसओ/आयईसी १७०२५ प्रमाणे मान्यता मिळालेल्या लॅबकडूनच घ्या. आल्याबरोबर त्यात अनिश्चितता आणि ॲडजस्टमेंटआधीचे आकडे आहेत ना, ते बघा.

पिपेट मुंबईहून कॅलिब्रेट होऊन येतात. नाशिकच्या उंचीवर ते प्रमाणपत्र चालतं का?
(खाद्यपदार्थ तपासणी लॅब, अंबड)

चालतं. विरळ हवेत पिपेटमधली हवेची उशी किंचित जास्त ताणली जाते आणि द्रव किंचित कमी येतो, पण ६०० मीटरला हा फरक एक टक्क्याच्या बराच खाली राहतो. बॅलन्सचं मात्र तसं नाही. तो जिथे वापरायचा तिथेच प्रमाणित वजनाने लावून घ्यावा लागतो. आणि दाबाचा आकडा मोबाइलच्या हवामान ॲपवरून उचलू नका. तिथे १०१० वगैरे दिसतं, कारण तो आकडा समुद्रसपाटीला उतरवलेला असतो.

द्राक्षरस आणि अल्कोहोल, दोन्हीला पिपेट दगा देतं. अल्कोहोल टिपमधून ठिबकतं, रस कमी येतो. अल्कोहोलनेच कॅलिब्रेट करावं का?
(वायनरी लॅब, दिंडोरी)

कॅलिब्रेशन पाण्यानेच करा. पद्धत द्रवाप्रमाणे बदला.

अल्कोहोलची वाफ उशीत शिरते आणि द्रवाला खाली ढकलते, म्हणून ठिबकतं. सहा-सात वेळा भरून सोडलं की उशी वाफेने तृप्त होते आणि ठिबकणं थांबतं. हे काम रोजचं असेल तर पिस्टन थेट द्रवाला टेकणारं पॉझिटिव्ह डिस्प्लेसमेंट पिपेट घ्या, त्यात उशीच नसते.

रस दाट असतो आणि टिपच्या आत चिकटून राहतो. प्लंजर दुसऱ्या थांब्यापर्यंत दाबून भरा आणि सोडताना पहिल्याच थांब्यापर्यंत दाबा. टिपमध्ये उरलेलं टाकून द्या. खात्री करायची तर वजन करा, पण भागाकार रसाच्या घनतेने: २४ ब्रिक्सच्या (ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचं माप) रसाचा एक मिलिलिटर साधारण १.१० ग्रॅम भरतो. आंबणारा रस असेल तर आधी ढवळून किंवा गाळून त्यातला कार्बन डायऑक्साइड घालवा. टिपमधला एक बुडबुडा वरची सगळी काळजी फुकट घालवतो.

आमच्या काही काचेच्या पिपेटवर २० अंश लिहिलंय, काहींवर २७. एकत्र वापरल्या तर चुकेल का? ब्युरेट (खाली तोटी असलेली, खुणा केलेली काचेची नळी) आमच्या लॅबमध्येच तपासता येतो का?
(महाविद्यालयाचा रसायनशास्त्र विभाग)

पिपेट खुशाल एकत्र वापरा. २७ हे आपल्याकडच्या मानकातलं संदर्भ तापमान. बोरोसिलिकेट काच सात अंशांत ०.०१ टक्काही फुगत नाही. पाणी मात्र तेवढ्यात ०.१७ टक्के फुगतं, त्यामुळे द्रावण ज्या तापमानाला बनवलं त्याच्या आसपासच वापरा. सोडण्यासाठीच्या पिपेटच्या टोकाशी उरलेला थेंब फुंकू नका, तो हिशेबात धरलेला आहे.

ब्युरेटसाठी चार दशांशांचा बॅलन्स पुरतो. शून्यापासून १० पर्यंत सोडून वजन, पुन्हा भरून शून्यापासून २० पर्यंत, असं ५० पर्यंत जा. प्रत्येक वजनाला झेडने गुणा. ५० मिलिलिटरच्या अ वर्गाच्या ब्युरेटला ०.०५ मिलिलिटरची सूट आहे. त्याआधी शून्यावर लावून अर्धा तास ठेवा; पातळी उतरली तर तोटी गळतेय. आणि आतल्या भिंतीवर पाण्याचे थेंब चिकटत असतील तर मोजायलाच बसू नका, डिटर्जंटच्या कोमट पाण्याने धुऊन सलग पापुद्रा ओघळेपर्यंत विसळा. क्रोमिक ॲसिडची बाटली अजून कपाटात असेल, तर ती वापरू नका. त्यातलं क्रोमियम कर्करोगकारक आहे आणि ते बेसिनमध्ये ओतणंही चालत नाही.