वडिलांचा आतड्याचा कॅन्सर यकृतात पसरलाय. पुढचा अंदाज पेट स्कॅनवरून येतो का?

अंदाज येतो, खात्री देता येत नाही. स्कॅनआधी शिरेतून एफडीजी नावाची किरणोत्सारी साखर देतात. कॅन्सरच्या पेशी ती भराभर ओढून घेतात, म्हणून गाठी उजळ दिसतात. रिपोर्टमधल्या 'एसयूव्ही मॅक्स'कडेच, म्हणजे साखर किती ओढली गेली त्याच्या कमाल आकड्याकडेच, सगळ्यांचं लक्ष जातं, पण तो आकडा फक्त सर्वांत उजळ ठिपक्याचा. सगळ्या गाठींचं मिळून सक्रिय आकारमान, म्हणजे एमटीव्ही, मला जास्त बोलकं वाटतं. त्याहून महत्त्वाचा उपचाराआधीचा आणि नंतरचा फरक: गाठ तेवढीच दिसली तरी तिने साखर घेणं कमी केलं असेल, तर ते चांगलं लक्षण. पेट स्कॅनवरून उपचाराचा परिणाम जोखण्याच्या 2009 च्या 'पर्सिस्ट' निकषांत, साखर घेण्यात निदान 30 टक्के घट झाली तर उपचार लागू पडला असं धरतात.

मात्र निरोगी यकृतही ही साखर घेतं, त्यामुळे सेंटिमीटरहून लहान गाठी नजरेतून सुटतात. तिथे एमआरआय सरस. म्युसिनस, म्हणजे चिकट स्राव भरलेल्या, प्रकारच्या गाठी तर बऱ्याचदा फिक्याच राहतात. वडिलांना मधुमेह असेल तर सेंटरला आधीच सांगा, रक्तातली साखर वाढलेली असली की आकडे फसवतात. आणि दोन्ही स्कॅन शक्यतो एकाच मशिनवर, इंजेक्शननंतर तेवढ्याच वेळाने करून घ्या.