शेजारच्या देशात जाण्याआधी हातातल्या कागदाचे तिसरे पान वाचा

तुमचा प्रश्न वाचताना माझाच जुना त्रास पुन्हा समोर उभा राहिला, म्हणून जरा सविस्तर लिहीत आहे. तुमच्या जर्मन निवास परवान्याच्या कार्डाची मुदत या महिनाअखेरीस संपते. नूतनीकरणाचा अर्ज तुम्ही ऑनलाइन भरला आहे, पण आउसलेंडरबेहोर्डेकडून, म्हणजे परदेशी नागरिकांचे परवाने देणाऱ्या कार्यालयाकडून, 'अर्ज मिळाला' एवढाच ईमेल आला आहे. यजमानांचे ब्लू कार्ड (उच्चशिक्षित नोकरदारांचा निवास परवाना) अजून चालू आहे, आणि पुढच्या महिन्यात भारतातून आलेल्या आईवडिलांना घेऊन तुम्हाला बहिणीकडे झुरिकला जायचे आहे. स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाही, मग त्याचा वेगळा व्हिसा काढावा लागेल का, असे तुम्ही विचारले आहे.

वेगळा व्हिसा लागत नाही. स्वित्झर्लंड डिसेंबर २००८ पासून शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, आहे आणि जर्मनीला लागून असलेले इतर आठही देश याच क्षेत्रात येतात. त्यामुळे 'त्या देशाचे नियम काय' हा प्रश्न तुमच्यासाठी जवळजवळ सुटलेलाच आहे. अडचण सीमेपलीकडे नसून अलीकडे, तुमच्या स्वतःच्या कागदात आहे, आणि तिच्याकडे कोणी तुमचे लक्ष वेधलेले दिसत नाही.

मी वकील नाही. खाली लिहिले आहे ते माझ्या अनुभवावरून आणि त्यानंतर कायद्याची कलमे स्वतः वाचून लिहिले आहे. नियम बदलतात, प्रत्येकाचे प्रकरण वेगळे असते, तेव्हा तिकीट काढण्यापूर्वी स्विस वकिलातीकडून लेखी खात्री करून घ्यावी.

मूळ नियम शेंगेन कराराच्या अंमलबजावणीच्या अधिवेशनातील कलम २१ मध्ये आहे. एका शेंगेन देशाचा वैध निवास परवाना आणि वैध पासपोर्ट ज्याच्याकडे आहे, त्याला इतर शेंगेन देशांत कोणत्याही १८० दिवसांच्या काळात ९० दिवसांपर्यंत व्हिसाशिवाय जाता येते. जर्मनीत घालवलेले दिवस या हिशेबात धरले जात नाहीत. या वाक्यातला 'वैध' हा शब्द तुमच्या यजमानांना लागू होतो, पण महिनाअखेरीनंतर तुम्हाला लागू होईलच असे नाही.

मुदत संपण्यापूर्वी अर्ज केला असेल, तर जर्मन निवास कायद्याच्या कलम ८१, परिच्छेद ४ प्रमाणे निर्णय होईपर्यंत तुमचा जुना परवाना चालू असल्याचे मानले जाते. तुम्ही जर्मनीत कायदेशीर राहता आणि नोकरीही पूर्वीसारखी करू शकता. इथपर्यंत सगळे जण बरोबर सांगतात. पण ही गोष्ट कायद्यात आपोआप घडत असली, तरी सीमेवरच्या पोलिसाला ती कागदावर दिसावी लागते, आणि 'अर्ज मिळाला' हा ईमेल म्हणजे तो कागद नव्हे. तो कागद म्हणजे ज्याला आपण सगळे 'फिक्शन सर्टिफिकेट' म्हणतो, ते फिक्त्सिओन्सबेशाइनिगुंग. त्याच्या तिसऱ्या पानावर तीन चौकोन असतात आणि त्यांपैकी एकावर फुली केलेली असते. पहिले दोन चौकोन याच कलम ८१ च्या परिच्छेद ३ चे असतात. पहिल्याचा अर्थ, ज्याच्याकडे आधी परवानाच नव्हता पण जो कायदेशीर राहत होता, त्याचे राहणे मान्य समजले जाते. दुसऱ्याचा अर्थ, अर्ज उशिरा आला असला तरी तूर्त हद्दपारी होणार नाही. तिसरा चौकोन परिच्छेद ४ चा, म्हणजे जुना परवाना चालू असल्याचे सांगणारा. निवास परवान्याच्या बरोबरीची कागदपत्रे म्हणून जर्मनीने इतर शेंगेन देशांना जी यादी कळवली आहे, तिच्यात फक्त हा तिसरा चौकोन बसतो, आणि तोही मुदत संपलेले जुने कार्ड किंवा जुना व्हिसा सोबत असेल तरच. पहिल्या दोन चौकोनांवर व्हिसाशिवाय प्रवेश मिळत नाही, असे त्या यादीत स्पष्ट शब्दांत लिहिले आहे.

आता मला हे सगळे इतके पाठ का आहे ते सांगते.

माझ्या कार्डाच्या नूतनीकरणाच्या वेळी आमच्या शहरातल्या कार्यालयाने (शहराचे नाव मुद्दाम देत नाही) बऱ्याच ईमेलनंतर एकदाची अपॉइंटमेंट दिली. खिडकीमागच्या बाईंनी माझे जुने कार्ड मागून घेतले, छापील कागदावर फुली केली, शिक्का मारला आणि कागद माझ्याकडे सरकवला. कार्ड परत मागितल्यावर त्या म्हणाल्या की मुदत संपलेल्या कार्डाचा आता काही उपयोग नाही, ते इथेच जमा होते. या कागदावर स्वित्झर्लंडला जाता येईल का, हेही मी विचारले, कारण नणंदेच्या बाळाचे बारसे झुरिकला ठरले होते. 'तुम्ही जर्मनीत कायदेशीर आहात, हा कागद त्यासाठी पुरेसा आहे,' हे त्यांचे उत्तर. हे वाक्य अक्षरशः खरे होते आणि माझ्या प्रश्नाचे उत्तर त्यात नव्हते. राहण्याचा हक्क आणि सीमा ओलांडण्याचा हक्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ज्या कार्यालयाला रोजच्या कामामुळे तोंडपाठ असायला हवे, त्यानेच त्या दोन्हींची सरमिसळ केली.

बाझेलच्या बाडिशर बानहोफवर स्विस सीमारक्षक डब्यात आले. हे स्टेशन चालवते जर्मन रेल्वे, पण ते उभे आहे स्विस जमिनीवर. नवऱ्याचे कार्ड त्यांनी पाहून लगेच परत दिले. माझा कागद त्यांच्यापैकी एकाने उलगडला, तिसऱ्या पानावर बोट ठेवले आणि नम्रपणे विचारले की जुने कार्ड कुठे आहे. बोट होते पहिल्या चौकोनावर. माझा अर्ज मुदतीत होता, आधीचा परवाना अनेक वर्षांचा होता, पण कार्यालयाने फुली चुकीच्या जागी केली होती आणि ती चूक सिद्ध करू शकणारे जुने कार्ड त्याच कार्यालयाच्या कपाटात पडले होते. त्या रक्षकाने आवाज चढवला नाही, उलट कागदावर जे लिहिले आहे तेच मला पाहता येते, असे समजावून सांगितले. आम्ही तिथेच उतरलो. बाळासाठी शिवलेली कुंची आणि झबले, घरी केलेले डिंकाचे लाडू, सगळे नवऱ्याने पुढे नेले आणि मी परतीच्या गाडीत बसले. पाळण्यात बाळाच्या कानात 'कुर्रर्र' करून नाव सांगायचे माझ्याकडे होते. ते दुसऱ्या कोणीतरी केले.

त्या स्विस रक्षकाबद्दल माझी काही तक्रार नाही. राग आहे तो खिडकीमागच्या बेफिकिरीचा. फुली कुठे करायची हे ठरवायला फाइल उघडून आधीचा परवाना पाहावा लागतो, त्याला मिनिटभर लागते. ते मिनिट वाचवल्याने समोरच्या माणसाचे काय होईल, याचा विचारच केला जात नाही. दुरुस्तीसाठी ईमेल केले तर त्यांना पुन्हा 'आपला संदेश मिळाला' हेच स्वयंचलित उत्तर. शेवटी मी टपालाने, पोच मिळेल अशा पद्धतीने पत्र पाठवले आणि त्यात कलम घातले, तेव्हा नवा कागद आला आणि कार्डही परत आले.

म्हणून माझे ठाम मत असे आहे: 'माहिती मिळावी ही विनंती' या भाषेत लिहू नका. कलम ८१, परिच्छेद ५ प्रमाणे अर्जाच्या परिणामाचे प्रमाणपत्र अर्जदाराला द्यायचेच असते, ती त्यांची मेहेरबानी नाही. तुम्ही आजच पत्र लिहा, ईमेलही करा आणि त्याची प्रत ठेवा. अर्ज कोणत्या तारखेला केला, कार्ड कोणत्या तारखेला संपते, परिच्छेद ५ प्रमाणे प्रमाणपत्र हवे आहे आणि ते परिच्छेद ४ च्या चौकोनाचे असले पाहिजे, एवढेच लिहा. प्रवासाची तारीख सांगा, पण भावनिक मजकूर नको, तो त्यांना वगळायला सोपा जातो. प्रमाणपत्राचे शुल्क १३ युरो आहे. ते भरायची तयारी आहे हेही लिहा, म्हणजे तेवढ्यावरून पत्रव्यवहार लांबणार नाही. कागद हातात पडला की खिडकी सोडण्याआधी तिसरे पान उघडा आणि फुली तपासा. जुने कार्ड जमा करायला सांगितले तर नवे कार्ड हातात येईपर्यंत ते प्रवासासाठी लागते असे शांतपणे सांगा, आणि ऐकलेच नाही तर ते जमा करून घेतल्याची लेखी पावती मागा. पावतीने सीमेवर काम होईल असे नाही, परंतु पावती मागितली की बहुधा कार्ड परत मिळते, असा इथल्या बऱ्याच मंडळींचा अनुभव आहे.

काही जण तुम्हाला सांगतील की जर्मनी-स्वित्झर्लंडच्या गाड्यांत कोणी तपासत नाही, बिनधास्त जा. कृपया हा सल्ला मानू नका. १६ सप्टेंबर २०२४ पासून जर्मनीने आपल्या सगळ्या भू-सीमांवर तपासणी सुरू केली. ऑस्ट्रियाच्या सीमेवर ती २०१५ पासूनच आहे. जाताना कोणी अडवले नाही तरी परतताना जर्मन पोलीस अडवू शकतात, आणि आईवडील सोबत असताना फलाटावर उभे राहून कलमांची चर्चा करण्याची वेळ कोणावर येऊ नये. बारसे किंवा वाढदिवस पुन्हा साजरा करता येईल, पण परवान्यासंबंधी पोलिसांची नोंद पुढच्या अर्जात आडवी येण्याची भीती राहते.

कागद वेळेवर आलाच नाही तर? माझ्या मते यजमान आणि आईवडील यांनी जावे आणि तुम्ही थांबावे, किंवा सगळ्यांनी मिळून जर्मनीतच बोडेनझे सरोवराच्या काठी, कोन्स्टान्झ किंवा लिंडाऊला जाऊन बहिणीला तिकडे बोलवावे. झुरिकहून कोन्स्टान्झला थेट रेल्वे आहे, त्यामुळे तिला ते अवघड जाणार नाही. हा पर्याय मनाला लागतो, मला माहीत आहे. तरीही चुकीच्या कागदावर प्रवास करण्यापेक्षा तो बरा.

तुमच्या स्वतःच्या बाकीच्या कागदांबद्दल थोडक्यात: पासपोर्ट मूळ प्रतीत सोबत असला पाहिजे, मोबाइलमधला फोटो चालत नाही. कार्डासोबत मिळालेले हिरवे जोडपत्र असेल तर तेही घ्या. मध्यंतरी पासपोर्ट बदलला असेल तर जुना पासपोर्टही बरोबर ठेवा. कलम २१ खाली जाणाऱ्याकडूनही प्रवासाचे कारण आणि खर्चाची सोय विचारली जाऊ शकते, म्हणून बहिणीचा पत्ता, तिचे दोन ओळींचे पत्र आणि परतीचे तिकीट छापून घ्यावे. तिकडे बसून स्विस कंपनीचे काम करता येत नाही, ही मुभा फक्त भेटीगाठी आणि पर्यटनासाठी आहे.

आईवडिलांबद्दल तुम्ही वेगळे विचारले नव्हते, पण तिथेही एक गफलत नेहमी होते. त्यांच्या शेंगेन व्हिसावर एकच प्रवेश असला तरी जर्मनीतून स्वित्झर्लंडला जाऊन परत येण्याने तो संपत नाही, कारण ते शेंगेन क्षेत्राबाहेर गेलेलेच नसतात. लंडनला जाऊन आले तर मात्र तो संपतो, आणि लंडनसाठी ब्रिटनचा स्वतंत्र व्हिसा लागतोच. त्यांचे सगळे दिवस मोजले जातात, जर्मनीतले आणि स्वित्झर्लंडमधले मिळून, आणि व्हिसावर लिहिलेल्या दिवसांच्या पलीकडे एक दिवसही राहू नये. वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोचा आणि संपूर्ण शेंगेन क्षेत्रासाठीचा असावा लागतो. काही स्वस्त पॉलिसींवर फक्त एका देशाचे नाव असते, तेव्हा पॉलिसीचा कागद एकदा उघडून पाहा. त्यांच्या भेटीसाठी तुम्ही हमीपत्र दिले असेल तर त्याची प्रतही त्यांच्या पिशवीत ठेवा. बोटांचे ठसे आणि फोटो घेणारी जी नवी प्रवेश-निर्गमन पद्धत १२ ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने सुरू झाली, ती शेंगेनच्या बाहेरच्या सीमेवर, म्हणजे तुमच्या बाबतीत विमानतळावर लागू होते. झुरिकच्या गाडीत तिचा संबंध नाही.

स्वित्झर्लंड शेंगेनमध्ये असला तरी युरोपीय संघाच्या सीमाशुल्क क्षेत्रात नाही, त्यामुळे गाडीत सामानही तपासले जाते. १ जानेवारी २०२५ पासून सोबत नेलेल्या वस्तूंवरची करमुक्त मर्यादा माणशी १५० फ्रँक झाली आहे, पूर्वी ती ३०० होती. बहिणीसाठी भारतातून आणलेल्या साड्या आणि भेटवस्तू यांची किंमत तेवढ्यात बसते का ते पाहा, आणि बिले असतील तर ती वरच्या कप्प्यात ठेवा.

प्रमाणपत्र हातात आले की नाव आणि पत्ता झाकून तिसऱ्या पानाचा फोटो इथे टाका. कोणत्या चौकोनावर फुली आहे ते आम्ही पाहून सांगू, आणि गरज पडली तर दुरुस्तीच्या पत्राचा जर्मन मसुदा मी देईन. माझे ते पत्र अजून माझ्याकडे जपून ठेवलेले आहे.