शाळा एवढीशी आहे, टिकेल का?

विशेष मुलांचे आईवडील माझ्याकडे येतात, तेव्हा एक काळजी हमखास निघते. "मॅडम, शाळा चांगली आहे हो, पण एवढीशी आहे. अनुदान नाही. उद्या बंद पडली तर आमच्या पोराचं काय?"

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून आलेल्या जोडप्याचाही हाच प्रश्न होता. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. मुलाला इथे सोनू म्हणते.) सोनू सात वर्षांचा, डाउन सिंड्रोम असलेला. पहिलीत नाव घातलं होतं, पण तिथे तो दिवसभर मागच्या बाकावर नुसता बसून राहायचा. घरात आजीचं म्हणणं, असल्या विशेष शाळेत घातलं की लोक नावं ठेवतात. वडील पतसंस्थेत नोकरीला. त्यांनी त्या विशेष शाळेचा थेट हिशेबच मांडला: भाड्याच्या वाड्यातल्या तीन खोल्या, फी नावापुरती, शिक्षिकांचे पगार मागेपुढे. "अशी संस्था किती दिवस चालणार? त्यापेक्षा आहे तिथेच राहू दे."

त्यांचं काही चूक नव्हतं. विनाअनुदानित विशेष शाळा बंद पडतात, आणि पडल्या की सगळ्यात जास्त हाल मुलांचे होतात, कारण नवी जागा, नवी माणसं ही या मुलांना सहज पचत नाहीत. मी त्यांना खोटा धीर दिला नाही. एवढंच सांगितलं, "टिकेल की नाही ते मी सांगू शकत नाही. पण इतकी वर्षं कशी टिकली, ते बघून या. दोघंही एक अख्खी सकाळ तिथे बसा."

ते गेले. परत आल्यावर वडील आधी शर्टाच्या बटणाबद्दल बोलले. एक ताई एका मुलाला बटण लावायला शिकवत होत्या. बटण काजातून जवळजवळ सगळं त्या स्वतः काढायच्या आणि शेवटचं ओढायचं तेवढं मुलावर सोडायच्या. ते जमलं की त्याच्या आधीची पायरी त्याच्याकडे. असं मागून पुढे शिकवलं की काम पुरं केल्याचा आनंद दर वेळी मुलालाच मिळतो. "एका बटणाला किती दिवस लागतात?" असं त्यांनी विचारलं, तर ताई म्हणाल्या, "लागतील तेवढे." आणि भिंतीवरच्या तक्त्यावर त्या दिवसाची खूण करून पुढच्या मुलाकडे वळल्या.

आईच्या लक्षात वेगळंच राहिलं होतं. व्हॅनवाले काका मुलांना उतरवून निघून जात नाहीत. शूच्या वेळा त्यांना पाठ आहेत, आणि मोठ्या मुलांना तेच घेऊन जातात. मदतनीस ठेवायला शाळेकडे पैसे नव्हते, म्हणून सुरू झालेलं हे काम त्यांनी पुढे सोडलंच नाही.

ही शाळा मी बऱ्याच वर्षांपासून बघते आहे. तिला कुणी मोठा देणगीदार मिळाला नाही. वाड्याच्या मालकीणबाई भाड्यासाठी कधी दारात उभ्या राहिल्या नाहीत. गावातली माणसं वडिलांच्या पुण्यतिथीला, नातवाच्या वाढदिवसाला एका दिवसाचं जेवण देतात. मोठी मुलं राख्या करतात, पणत्या रंगवतात, दिवाळीआधी उटण्याच्या पुड्या भरतात, आणि पालक बाजारात टेबल मांडून त्या विकतात. २०२०च्या टाळेबंदीत फोनवरचे वर्ग या मुलांना कळेनात, तेव्हा ताईंनी घरोघरी साहित्याच्या पिशव्या पोचवल्या आणि काय कसं करून घ्यायचं ते आयांना अंगणात उभं राहून दाखवलं. त्या काळात पगार थकले होते. तरी शाळा पुन्हा उघडली तेव्हा त्याच ताई दारात होत्या. माझ्या मते शाळा पारखायची ती इथे. इमारत नंतर बघावी.

तरीही वडिलांची भीती उरतेच, आणि तिच्यावर हाताशी उपाय हवा. मी प्रत्येक पालकाला सांगते, मुलाची फाइल घरी ठेवा. शाळा दर मुलाचा वेगळा आराखडा करते, त्याची प्रत दर सहामाहीला मागून घ्या. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांग व्यक्तींचं देशभर चालणारं ओळखपत्र) काढून ठेवा. ताई शिकवतात तसंच, त्याच शब्दांत घरी करून घ्या. म्हणजे उद्या शाळा बदलावी लागलीच, तर पहिल्यापासून सुरुवात होत नाही. आणि विशेष शाळेत घातलं की नेहमीच्या शाळेचं दार कायमचं बंद होतं, असंही नाही. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यानं ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. ते जवळच्या शाळेत घ्यायचं की विशेष शाळेत, ही निवड तुमची.

सोनूचं नाव जूनमध्ये दाखल झालं. सुरुवातीचे कितीतरी दिवस तो व्हॅनमधून उतरायलाच तयार नसे. काका त्याला ओढून काढत नसत, बाकीची मुलं आत सोडून येत आणि मग त्याच्याजवळ बसून राहत. पुढे तो आपणहून उतरू लागला. आता स्वतःचा डबा स्वतः उघडतो, जेवण झाल्यावर ताट घासायला नेऊन ठेवतो. अक्षरं अजून फारशी येत नाहीत, आणि आईनं ते मनाला लावून घेणं कमी केलं आहे. आजी पणत्यांच्या टेबलाशी येऊन बसते.

वडील शनिवारी संध्याकाळी शाळेचे जमाखर्च लिहितात. त्यांनीच पाठपुरावा करून आयकर कायद्यातल्या ८०जी कलमाखालची नोंदणी करून घेतली, त्यामुळे देणगीदारांना करसवलतीची पावती देता येते. थकलेले पगार सगळे अजून चुकते झालेले नाहीत, पण कुणाचं किती देणं आहे ते आता पालकसभेत उघडपणे वाचून दाखवतात.

परवा त्यांचा फोन आला तो मोठ्या मुलांविषयी. त्यातली काही येत्या वर्षात १८ पूर्ण करतील. त्यानंतर कायदेशीर पालकत्व आपोआप आईवडिलांकडे राहत नाही. बौद्धिक दिव्यांग मुलासाठी १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे अर्ज करता येतो, हे बऱ्याच घरांत माहीतच नसतं. "मॅडम, पुढच्या पालकसभेला तुम्ही या आणि हे सगळ्यांना समजावून सांगा," असं ते म्हणाले. मी अर्जाचे नमुने घेऊन जाणार आहे.