फोन १०० टक्के चार्ज असतानाही अचानक बंद पडतो, काय करावं?

तुमचा प्रश्न वाचला आणि शिलाई मशीनवरून उठून लिहायला बसले. तुम्ही म्हणताय की फोन फुल चार्ज करून काढला, १०० टक्के दिसतंय, आणि दहा-पंधरा मिनिटांत स्क्रीन एकदम काळी. बटण दाबून काही होत नाही, चार्जर लावला की चालू होतो आणि परत ९० च्या वरच दाखवतो. आणि खाली लिहिलंय की घरचे म्हणतात रात्रभर चार्जिंगला लावून ठेवतोस म्हणून झालं. ही शेवटची ओळ नसती तर मी उत्तर दिलंच नसतं.

आधी थोडक्यात सांगून टाकते, म्हणजे घाईतले लोक सुटले. बॅटरी. नाहीतर बॅटरीचं आतलं कनेक्शन. ॲप, व्हायरस, अपडेट हे सगळं नंतर बघा. आणि फॅक्टरी रिसेट तर अजिबात मारू नका. मी मारला, फोन होता तसाच बंद पडत राहिला आणि अडतीस बायकांची ब्लाउजची मापं गेली, मी वहीत लिहीत नाही, फोनमध्येच टाकते. तेही ऐन लग्नसराईत. परत एकेकीला बोलावून माप घ्यायचं म्हणजे काय काय ऐकावं लागतं ते शिवणकाम करणारीलाच माहीत.

आता माझं. मी जळगाव जिल्ह्यातल्या एरंडोलची, घरीच शिलाई करते. फोन चार वर्षांचा. गेल्या वर्षी बॅटरी दुपारपर्यंतच टिकायला लागली म्हणून बदलायचं ठरलं. आमचे भाऊजी, म्हणजे ह्यांचे धाकटे भाऊ, वायरमन आहेत. काम चोख आहे त्यांचं, खोटं कशाला बोलू, पण जिथून म्हणून करंट जातो तिथलं सगळं आपल्यालाच कळतं असा त्यांचा समज. म्हणाले, वहिनी, जळगावला कशाला जाता, माझ्या मित्राचं दुकान आहे, ओरिजिनल टाकून देतो. साडेचारशे रुपये. बिल नाही. अर्ध्या तासात फोन हातात. आणि पहिले पंधरा दिवस मी इतकी खुश, कारण ज्या फोनला आधी दोन तास लागायचे तो पाऊण तासात फुल! चार जणींना सांगितलं सुद्धा की बघा, कशी झटकन भरते. तेच खरं पहिलं लक्षण होतं हे फार उशिरा कळलं.

मग एक दिवस गिऱ्हाइकाला मागच्या गळ्याचा फोटो पाठवायला फ्लॅश मारला आणि फोन गेला. ९७ टक्के होते. वाटलं चुकून बटण दाबलं गेलं. दुसऱ्या दिवशी व्हिडिओ कॉलवर. मग हे रोजचंच. गंमत म्हणजे नुसतं व्हॉट्सॲप वाचत बसलं, गाणी लावली, तर तीन-तीन तास काही नाही. कॅमेरा उघडला की गेला. तेव्हा मला ह्यातलं काही सुचलं नाही, पण तुम्ही मात्र हे नीट आठवून बघा, कारण अर्धं उत्तर त्यातच आहे.

एप्रिलमध्ये जळगावला फुले मार्केटात अस्तर, लेस, हुक असलं सगळं घ्यायला गेले होते. रोख होती ती सगळी तिथेच संपली, म्हटलं एसटीचं तिकीट काय, ऑनलाइन देऊ. निघताना मुद्दाम दुकानदाराच्या चार्जरला लावून १०० करून घेतला होता. गाडी सुटली, कंडक्टर आले, हाफ तिकीट, त्यांनी मशीनवर कोड काढून समोर धरला, मी स्कॅन उघडलं, आणि गेला. बाहेर ४४ डिग्री, मांडीवर अस्तराचे तागे, मागून लोक बघतायत. मी म्हटलं, "अहो आत्ता शंभर टक्के होता." कंडक्टर म्हणाले, "ताई, शंभर टक्के होता तर बंद कसा पडला?" आवाजात राग नव्हता, पण असं वाटलं की फुकट जायला बघतेय बाई. शेजारच्या मावशींनी काही न बोलता कमरेची पिशवी काढून पैसे दिले. त्या पाळधीला उतरून गेल्या. नंबर मागून कशात लिहिणार, फोनच बंद. त्यांचे पैसे आजही माझ्याकडे आहेत.

त्यानंतर आठ-दहा दिवसांत आखाजी, म्हणजे आमची अक्षय्य तृतीया. नणंदा आलेल्या, खापरावर मांडे चाललेले, आमरसाचं पातेलं मध्ये, सगळं घर जेवायला बसलेलं. विषय निघाला फोनचा. आणि भाऊजींनी सगळ्यांदेखत निकाल दिला. वहिनी रात्रभर चार्जिंगला लावून ठेवतात, ओव्हरचार्ज होऊन बॅटरी मेली, नवी टाकून दिली तीही मारली. सासूबाई म्हणाल्या, तरी मी म्हणते रात्री ती वायर काढत जा. ह्यांनी मांड्याचा घास मोडला आणि गप्प. मी इतक्या वर्षांची जुनी सून, पण त्या दिवशी फार लागलं बघा. फोनचं एवढं नाही, पण आपण काहीच न बघता दोषी.

दुसऱ्या आठवड्यात मी एकटी जळगावला गोलाणी मार्केटात गेले. एका मोबाइल दुरुस्तीच्या गाळ्यात विशी-बाविशीचा मुलगा होता, मला मावशी म्हणाला (मी त्रेचाळीसची आहे, असो). त्याने पहिला प्रश्न विचारला तो असा, "बंद पडतो तेव्हा काय करत असता?" भाऊजींनी हा प्रश्न एकदाही विचारला नव्हता. कॅमेरा म्हटल्यावर त्याने मान हलवली. फोन गरम पॅडवर ठेवून पाठ सोडवली, आणि आत बघून हसला. बॅटरीची जी चपटी पिन बोर्डावर, म्हणजे फोनच्या मुख्य सर्किटवर, बसते तिच्यावर एक पत्र्याची पट्टी आणि दोन स्क्रू असतात, ते नव्हतेच. त्याऐवजी चिकटपट्टीचा तुकडा. बॅटरीवर लिहिलेलं ५००० एमएएच (म्हणजे किती मावतं त्याचं माप), हातात घेतली तर हलकी, लेबल फिकट छापलेलं.

पण त्याने लगेच बॅटरीवर ढकललं नाही, हे मला आवडलं. मीटर लावून दाखवलं, चार व्होल्टच्या वर. मी म्हटलं मग भरलेलीच आहे की. तो म्हणाला थांबा. बॅटरी काढून फोन टेबलावरच्या डीसी सप्लायला, म्हणजे बॅटरीऐवजी वीज देणाऱ्या यंत्राला, जोडला, चालू केला, कॅमेरा, फ्लॅश, व्हिडिओ, स्क्रीन फुल उजेडावर, सगळं एकदम. अँपिअरचा काटा उड्या मारत होता पण फोन बंद पडला नाही. म्हणजे बोर्ड ठीक. मग परत तीच बॅटरी जोडली, मीटरच्या पिना धरून ठेवल्या आणि मला म्हणाला, मावशी, कॅमेरा तुम्ही उघडा. उघडला. चारवरचा आकडा सव्वातीनच्या खाली कोसळला आणि फोन गेला. लगेच परत बघितलं तर आकडा पुन्हा चारजवळ! मी तिथेच स्टुलावर बसले. मला बस आठवली.

ह्याचं कारण त्याने सांगितलं त्यापेक्षा मला माझ्या मशीनवरून जास्त समजलं. आमच्याकडे संध्याकाळी व्होल्टेज कमी असतं. मोटरचा पायदाब दाबला की वरचा बल्ब एकदम मंदावतो, मोटरने वेग धरला की सावरतो. लाइट गेलेली नसते, पण एकदम ओढलं की पुरत नाही. फोनचं तेच. लिथियम बॅटरी भरली की साधारण ४.२ ते ४.४ व्होल्ट असते. ती जुनी झाली, किंवा मुळातच हलकी असली, की तिचा आतला अवरोध, म्हणजे करंटला होणारी अडवणूक, वाढतो. शांत बसल्यावर आकडा छान दिसतो, पण कॅमेरा, फ्लॅश, कॉलिंगने एकदम करंट मागितला की व्होल्टेज आतल्या आतच पडतं. बल्ब मंद झाला तरी चालतो, फोन नाही चालत, एका पातळीखाली गेला की त्याची पॉवरची चिप सरळ सगळं बंद करते. आणि अशा बॅटरीत मुळात मावतंच कमी, त्यात अवरोध जास्त म्हणून चार्जिंगला लावल्यावर व्होल्टेज पटकन वर चढतं, फोनला वाटतं भरत आली, करंट कमी करतो, आणि पाऊण तासात १००. ती टक्केवारी म्हणजे मोजून काढलेलं माप नाही, फोनने मांडलेला अंदाज आहे. मूळ बॅटरी गेली, हलकी आली, की तो अंदाज आणखीच चुकतो.

आता सांगा, वायरमन माणसाला लोड टाकल्यावर व्होल्टेज पडतं हे माहीत नसतं का? रोज दुसऱ्यांच्या घरी हेच तर बघतात.

आणि हे फक्त साडेचारशेच्या बॅटरीचं नाही. माझी मुलगी इंजिनिअरिंगला आहे, तिने शोधून दिलं. २०१६ मध्ये ॲपलने स्वतः कबूल केलं होतं की सप्टेंबर-ऑक्टोबर २०१५ मध्ये बनलेले काही आयफोन ६एस अचानक बंद पडतात, आणि बॅटऱ्या फुकट बदलून दिल्या. डिसेंबर २०१७ मध्ये बाहेर आलं की जुन्या बॅटरीच्या आयफोनचा वेग कंपनी मुद्दाम कमी करतेय, कारण प्रोसेसरने एकदम करंट ओढला की फोन बंद पडत होता. लोक भडकले, माफी मागितली, बॅटरी बदलायचे ७९ डॉलरचे २९ केले. तिथे काय सगळ्या वहिनींनी रात्रभर चार्जिंगला लावला होता?

बरं, तुमचं. चार्जर लावलेला ठेवून कॅमेरा, व्हिडिओ, गेम सगळं चालवून बघा. तसा चालतो आणि वायर काढली की पडतो, तर बॅटरी किंवा तिची पिन. चार्जर लावूनही पडतो, विशेषतः फोन तापलेला नसताना, तर बोर्डाकडे शंका. आपोआप लोगो येऊन परत चालू होत असेल तर सॉफ्टवेअरही असू शकतं, सेफ मोडमध्ये (म्हणजे बाहेरून टाकलेली ॲप बंद ठेवून) एक दिवस वापरून बघा. कव्हर काढून बघा, टाइट कव्हर पॉवरचं बटण दाबून धरतं, हसू नका, माझ्या नणंदेचं तेच निघालं. काही अँड्रॉइडवर *#*#४६३६#*#* डायल केलं की बॅटरीची माहिती येते, आयफोनला सेटिंगमध्येच बॅटरी हेल्थ असते. पण आधी कधी बाहेर बॅटरी बदललीय का, हे तुम्ही लिहिलंच नाहीये. बदलली असेल तर बाकीचं काही बघूच नका, आधी तीच तपासून घ्या.

नवी घेताना जमलं तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरलाच, दुप्पट-तिप्पट पैसे गेले तरी. बाहेर घेतली तर लेबलवर बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह, आयएस १६०४६ हा बॅटरीच्या मानकाचा नंबर आणि आर-ने सुरू होणारा नोंदणी नंबर बघा. नकली लेबलवर तेही छापतात, तो नंबर बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून तपासता येतो. बनवल्याची तारीखही बघा, दुकानात पडून पडून पण बॅटरी म्हातारी होते. पट्टी आणि स्क्रू परत बसवले का, हे समोर उभं राहून बघा. आणि बिल. बिल नसेल तर भांडायला तोंड राहत नाही, माझं राहिलं नाही.

हां, एक सांगायचं राहिलं, नाहीतर म्हणाल एकतर्फी लिहिलं. रात्रभर चार्जिंगने ओव्हरचार्ज होत नाही, फोन भरला की स्वतः थांबतो. पण रोज तासन् तास १०० वर आणि वर गरम राहिली तर बॅटरी लवकर जुनी होते, हे खरं आहे. आमच्या खानदेशातल्या मे महिन्यात उशीखाली फोन ठेवून चार्जिंग म्हणजे तर शेकच. मी ठेवायचे. आता ८० ला थांबायचं सेटिंग लावलंय. म्हणजे भाऊजी चार आणे बरोबर, बारा आणे चूक, आणि त्यांची बॅटरी सोळा आणे खोटी.

पाठ वर उचललेली दिसत असेल, स्क्रीनच्या कडेने फट पडली असेल, तर बॅटरी फुगलीय. मग हे कुठलेच प्रयोग करू नका, चार्जिंगला लावू नका, दाबू नका, टोचू नका, बंद करून सरळ दुकानात. बॅटरी फुगलेली नसेल तर दुकानात देण्याआधी फोटो-नंबर दुसरीकडे काढून घ्या. पाठ उघडलेला फोन पुढे पाण्याला पहिल्यासारखा दाद देत नाही, हेही लक्षात असू द्या.

माझा नव्या बॅटरीने आठ महिने झाले, एकदाही बंद पडला नाही. फुल करायला घेतला तर परत दोन तास लागतात. हे उत्तर मी घरच्या ग्रुपवरही टाकणार आहे, भाऊजी वाचतीलच. साडेचारशे रुपये ऑनलाइन पाठवले तरी चालतील, आता स्कॅन होतं.