एक कान गेला, आता बसायचं कुठे?

अगं, डाव्या कानाचं ऐकणं अचानक गेलं हा तुझा मेसेज वाचला. एमआरआय क्लीन आला हे बेस्ट झालं, कारण तो करतात तो कानाच्या नसेवर गाठ वगैरे नाही ना एवढं बघायलाच. आणि मुळात तू लवकर ईएनटीकडे पोचलीस हेही बरं केलंस, नाहीतर लोक मळ असेल, सर्दी उतरली असेल म्हणून मेडिकलमधले ड्रॉप्स टाकत बसतात आणि स्टिरॉइडचा खरा उपयोग असतो तो पहिल्या दोन आठवड्यांतच. स्टिरॉइडच्या गोळ्या संपल्या आणि ऐकणं थोडंच परत आलं म्हणतेस, तर कानाच्या पडद्यातून स्टिरॉइडचं इंजेक्शन द्यायचं का हे डॉक्टरांना याच आठवड्यात विचार. ते साधारण कान गेल्यापासून दोन ते सहा आठवड्यांच्या आत देतात, पुढच्या महिन्यावर ढकलू नकोस.

का झालं याच्या मागे लागू नकोस. बहुतेकांना कारण सापडतच नाही. मावशी म्हणेल इअरफोनमुळे, आजी म्हणेल नजर लागली, म्हणू देत. अलका याज्ञिकने 2024 मध्ये स्वतःच सांगितलं ना की व्हायरल इन्फेक्शननंतर तिचं ऐकणं अचानक गेलं, म्हणजे कुणालाही होतं हे.

आता रोजचं. माझा उजवा कान जाऊन बरीच वर्षं झाली, त्यामुळे हे अनुभवाचे बोल. आवाज कमी येतो याचा त्रास तेवढा नाही होत, आवाज कुठून येतो तेच कळत नाही याचा होतो. दोन्ही कानांत आवाज पोचायला जो किंचित फरक पडतो त्यावरून मेंदू दिशा ठरवतो, तो हिशोबच बंद. घरात फोन वाजतोय आणि मी सोफ्याखाली शोधतेय, फोन फ्रिजवर. रस्त्यात कुणी हाक मारली की मी हमखास उलटीकडे बघते. म्हणून रस्ता क्रॉस करताना हॉर्नवर विसंबायचं नाही, मान दोन्हीकडे फिरवायची म्हणजे फिरवायची.

बसायच्या जागा आधी पकडायच्या, यात लाजायचं नाही. तुझा डावा गेलाय ना, मग टेबलाच्या डाव्या टोकाला बस, सगळे उजवीकडे येतात. कारमध्ये ड्रायव्हरशेजारी बसलीस तर मजाच, बोलणारा बरोबर चांगल्या कानाकडे, पण तू चालवशील तेव्हा शेजारचा माणूस मेलेल्या कानाकडे येतो, त्याला आधीच सांग की मी उत्तर दिलं नाही तर भाव खात नाहीये! हॉटेलात कोपरा आणि भिंतीला पाठ, स्पीकरपासून लांब. फोनच्या सेटिंगमध्ये मोनो ऑडिओ चालू कर, नाहीतर गाण्यातला अर्धा तबला गायब. झोपताना चांगला कान उशीत गेला की शेजाऱ्यांचं ड्रिलिंगही ऐकू येत नाही (हा एकच फायदा), पण अलार्मही येत नाही, सो व्हायब्रेशन लावून उशीखाली.

आणि सांगायचं. चष्मा दिसतो तसं हे दिसत नाही ना कुणाला, त्यामुळे लोक शिष्ट समजतात. ऐकू आलं नाही तरी 'हो हो' करत मान डोलवायची सवय लावून घेऊ नकोस, ऑफिसात त्याने मोठे घोळ होतात. टीमला एकदाच सांग, डाव्या कानाने ऐकू येत नाही, उजवीकडून बोला. दिवसभर मीटिंग करून संध्याकाळी डोकं जड होतं तेही खरंच होतं, आळस नाही तो, मेंदू जास्त राबतो.

दिव्यांग सर्टिफिकेटचं विचारलंस, तर दिव्यांगांच्या 2016 च्या कायद्यातली व्याख्या दोन्ही कानांची आहे, दोन्हींचं ऐकणं 60 डेसिबल किंवा जास्त कमी झालेलं हवं, एक कान ठणठणीत असेल तर त्यात बसत नाही. मला हे अन्यायाचंच वाटतं पण आहे ते असं आहे. मशीनचं म्हणशील तर क्रॉस नावाचा प्रकार येतो, खराब बाजूचा आवाज उचलून चांगल्या कानात सोडतो, मीटिंगपुरता कामाचा. घेण्याआधी ट्रायल माग, काहींना गोंगाटात उलट त्रास होतो. खराब कानात सतत वाजणारी ती कुई रात्री फार छळत असेल तर पंखा चालू ठेव, अगदी शांत खोलीत ती जास्तच वाजते.

उरलेल्या कानाला मात्र जप. ढोल-ताशा पथकात आहेस ना तू, तर इअरप्लगशिवाय सरावाला उभी राहिलीस तर मी येऊन ओरडेन. आणि तो कान जरा जरी बंद वाटला तर वाट बघायची नाही, त्याच दिवशी डॉक्टर. पुढची ऑडिओमेट्री (ऐकण्याची तपासणी) झाली की रिपोर्टचा फोटो पाठव मला.