पहिल्यांदाच मोटरहोम, म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी, घेऊन निघताय?

पहिली रात्र घराजवळच काढा. पाण्याचा पंप चालत नाही, पलंग उघडत नाही, हे तिथेच कळलेलं बरं. गाडीची उंची कागदावर लिहून स्टिअरिंगसमोर चिकटवा, आणि मोजताना छतावरचा एसीही त्यात धरा. मी तो धरला नव्हता. एका पुलाखाली त्याचं झाकण खरवडून निघालं. मुक्कामाला पाणी मिळणार असेल तर टाकी काठोकाठ भरून नेऊ नका. 100 लिटर म्हणजे 100 किलो, ब्रेक दाबताना जाणवतं. निघताना सिलिंडरचा कॉक बंद, कपाटांच्या कड्या लावलेल्या. आमच्याकडे एका वळणावर साखरेचा डबा थेट धाकटीच्या मांडीत आला! मुलं सोबत असताना दिवसाला तीन-चार तास गाडी चालवली की पुरे. चालत्या गाडीत पट्टा सोडून कुणीही मागे जायचं नाही, चहा टाकायला तर नाहीच.