मागच्या हबचं बेअरिंग परत परत जातंय? नवीन बसवायच्या आधी जुनं उघडून बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: हार्डटेल एमटीबी (मागे सस्पेन्शन नसलेली माउंटन बाइक) आहे, मागच्या हबला, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाला, सीलबंद बेअरिंग आहेत. दर पावसाळा संपता संपता चाक डुगडुगायला लागतं, हाताने फिरवलं तर खरखर लागते. दुकानात दोनदा बेअरिंग बदलून झालं. आता दुकानदार म्हणतोय, ‘सिरॅमिक टाका, कटकटच मिटेल.’ टाकावं का?

नका टाकू. सिरॅमिक म्हणून जे विकतात त्यात बहुतेक वेळा फक्त छर्रे सिरॅमिकचे असतात, रिंगा पोलादाच्याच. पाणी शिरलं की रिंग गंजणार ती गंजणारच, फक्त या वेळी तुमचे चौपट पैसे गंजतील.

मी भोसरीला एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे आणि सुट्टीच्या दिवशी सायकल घेऊन टेकड्यांवर असतो. आमच्याकडे एकाच मोटरचं बेअरिंग थोड्या दिवसांत दुसऱ्यांदा गेलं, तर साहेबांचा पहिला प्रश्न ‘नवीन आणलं का?’ असा नसतो, ‘जुनं कुठंय?’ असा असतो. सायकलच्या दुकानात हे कोणीच विचारत नाही. जुनं बेअरिंग भंगारच्या डब्यात जातं आणि ते का गेलं याचा पुरावाही त्याच्याबरोबर जातो. म्हणून पुढच्या वेळी काढलेली बेअरिंग मागून घ्या, आणि डावं कुठलं, उजवं कुठलं ते मार्करने लिहून ठेवा.

घरी कटरच्या पात्याने दोन्ही बाजूंची रबरी सीलं उचकटा. डिझेलने धुवायच्या आधी ग्रीसचा रंग बघा. दुधी, पिवळट मलमासारखं झालं असेल किंवा तांबडा चिखल निघाला असेल तर पाणी शिरलंय, इथे वाद नाही. काळंभोर आणि बोटांत चोळल्यावर कचकच लागत असेल तर धूळ-माती किंवा धातूचा चुरा. मग धुऊन, पुसून आतली पिंजरी (छर्रे अंतरावर धरणारी कडी) पकडीने तोडून काढा. सगळे छर्रे एका बाजूला सरकवले की आतली रिंग अलगद सुटते. हातोडीने फोडू नका, कडक पोलादाची कपची डोळ्यात जाते.

आता रिंगेच्या खाचेत छर्र्यांनी पाडलेला पट्टा बघा. खिडकीतल्या उजेडात तिरकी धरली की स्पष्ट दिसतो. तो खाचेच्या बरोबर मध्ये असेल तर बसवणं ठीक होतं. एका कडेला सरकलेला असेल, आणि दुसऱ्या बाजूच्या बेअरिंगमध्ये तो आरशात बघितल्यासारखा उलट कडेला असेल, तर दोन्ही बेअरिंग आडव्या दाबाखाली चालत होती. ही बेअरिंग मुळात उभा भार घ्यायला बनवलेली, सततचा आडवा दाब त्यांना फार दिवस झेपत नाही. आणि छर्र्यांमधल्या अंतराइतक्या अंतरावर एकेक बारीक खळगा दिसला, तर समजा कोणीतरी बसवताना हातोडी चालवली आहे.

माझा अंदाज विचाराल तर तुमच्या बाबतीत पाणी आणि चुकीचं बसवणं, दोन्ही असणार. नुसतं पाणी असतं तर समोरचं चाकही निदान कुरकुरलं असतं.

बसवण्यात चूक कुठे होते ते सांगतो, कारण सगळी गोम तिथेच आहे. हबमध्ये दोन बेअरिंगच्या मध्ये एक नळी असते (काही हबमध्ये एक्सललाच तशी पायरी असते). पहिलं बेअरिंग तळाला टेकेपर्यंत बसवायचं, नळी घालायची आणि दुसरं बेअरिंग त्याची आतली रिंग नळीला टेकेल इतपतच दाबायचं. मेकॅनिक घाईत असला की टेकल्यावरही दोन ठोके जास्त मारतो. आतली रिंग नळीला अडून तिथेच राहते, बाहेरची पुढे सरकते, आणि बेअरिंग पहिल्या दिवसापासून आडव्या दाबात जातं. नळी हरवली किंवा दुसऱ्याच हबची घातली तरी उलट बाजूने तेच होतं. ओळखायचं कसं? चाक सायकलवरून काढून बोटांनी फिरवा, मग सायकलला लावून एक्सल त्यावर लिहिलेल्या टॉर्कला (आवळायच्या जोराला) आवळा आणि परत फिरवा. सुटं असताना लोण्यासारखं फिरणारं चाक आवळल्यावर जड झालं तर गडबड इथेच आहे.

हबमध्ये बेअरिंग बसवताना जोर फक्त बाहेरच्या रिंगेवर द्यायचा. आतल्या रिंगेवर दिला तर तो छर्र्यांमधून जातो, आणि वर म्हटलेले खळगे तसेच पडतात. यासाठी महागडा प्रेस लागत नाही. लांब थ्रेडेड रॉड, दोन नट आणि बाहेरच्या रिंगेच्या मापाचे दोन जाड वॉशर, एवढ्यावर काम होतं. जुनं बेअरिंग वॉशर म्हणून वापरलं तरी चालतं, फक्त ते आत अडकू देऊ नका.

आणखी एक गोष्ट दुकानात हमखास सुटते. मागच्या हबला बहुतेक वेळा चार बेअरिंग असतात, दोन हबच्या अंगात आणि दोन फ्रीहबमध्ये (मागची गिअरची चक्रं ज्यावर बसतात तो भाग). ‘बेअरिंग बदलले’ म्हणजे सोपे दोन बदलले. फ्रीहबमधलं खिळखिळं झालेलं तसंच राहिलं की एक्सलला नीट आधार मिळत नाही आणि उजवीकडचं नवं बेअरिंग आधी मरतं. बिलावर किती नग आहेत ते बघा. फ्रीहबच्या कुत्र्यांना (दात्यांत अडकणाऱ्या स्प्रिंगच्या खिट्ट्यांना) मात्र बेअरिंगचं घट्ट ग्रीस भरू नका, ती चिकटतात आणि पेडल फुकट फिरतं.

बेअरिंग हबमध्ये अंगठ्याने दाबून बसत असेल तर भोकच सैल झालंय. बाहेरच्या रिंगेचं बाहेरचं अंग चकचकीत घासलेलं किंवा तांबूस भुकटी लागलेलं दिसेल, म्हणजे बेअरिंग जागेवर फिरत होतं. थोडा सैलपणा असेल तर लॉकटाइट ६४१ सारखं बेअरिंग धरून ठेवणारं द्रव लावून भागतं. दोन्ही पृष्ठभाग तेलविरहित करून लावायचं आणि ते सीलच्या आत जाऊ द्यायचं नाही. स्क्रूला लावतात ते निळं लॉकटाइट इथे उपयोगाचं नाही.

आता पाणी. सायकल मोटरसायकलच्या वॉशिंग सेंटरला नेत असाल तर ते आजच बंद करा. सील उडणारं पाणी थोपवायला असतं, हबवर रोखलेला प्रेशरचा फवारा थोपवायला नाही. ओढ्यातून जाताना हब बुडतो तेव्हाही हीच भानगड. उतारावर डिस्क ब्रेकने हब तापलेला असतो, गार पाण्यात आतली हवा आकसते आणि पाणी आत ओढलं जातं. ताम्हिणीत जुलैत ओढे टाळता येत नाहीत हे मान्य, पण घरी आल्यावर चाक काढून दोन्ही बाजूंच्या टोप्या ओढून काढा (बऱ्याच हबच्या हातानेच निघतात), आतलं पाणी-माती पुसा आणि टोपी बसवायच्या आधी बेअरिंगच्या तोंडाशी ग्रीसचं कडं लावा. पाच मिनिटांचं काम आहे. यानेच सगळ्यात जास्त फरक पडतो, आणि हेच कोणी करत नाही.

बेअरिंग घेताना जुन्याच्या सीलवरचा आकडा पूर्ण वाचा. ६९०२ म्हणजे आत १५, बाहेर २८ आणि रुंदी ७ मिलिमीटर. मापाइतकीच पुढची अक्षरं महत्त्वाची: २आरएस म्हणजे दोन्हीकडे रबरी सील, झेडझेड म्हणजे नुसतं पत्र्याचं झाकण, ते चिखलात घेऊ नका. एनटीएन कंपनीच्या बेअरिंगमध्ये एलएलयू म्हणजे रिंगेला टेकणारं सील, एलएलबी न टेकणारं. मुळशीसाठी एलएलयू. किंचित जड फिरतं, फिरू द्या. नावाजलेल्या कंपन्यांचा बनावट मालही बाजारात असतो, तेव्हा अधिकृत डीलरकडून घ्या.

नव्या बेअरिंगमध्ये कारखान्यातून साधारण पाव ते एक तृतीयांश जागेतच ग्रीस असतं, कारण ते जोरात फिरणाऱ्या मोटरचा विचार करून भरलेलं असतं. ताशी २० किलोमीटरला तुमचं २९ इंची चाक मिनिटाला जेमतेम दीडशे फेरे मारतं, तापायचा प्रश्नच येत नाही. तेव्हा सील उचलून पाण्यात टिकणारं मरिन ग्रीस जवळजवळ पूर्ण भरा. बेअरिंग हबमध्ये असतानाही बाहेरच्या बाजूचं सील असं उचलता येतं.

हे सगळं करून भोक अंडाकृती झालेलंच निघालं तर मात्र खर्च करत बसू नका, हब बदला. नवा घेताना तारांची भोकं ३२ की ३६, फ्रेमची रुंदी १३५, १४२ की १४८ मिलिमीटर, आणि डिस्क सहा बोल्टची की सेंटरलॉक, एवढं मोजून-बघून दुकानात जा. फ्लँजचं (तारा अडकतात त्या हबच्या कडेच्या चकतीचं) माप वेगळं निघालं तर तारा नव्या लागतील, ते धरूनच भाव विचारा.